बिनखुणेची नानकटाई

"नाव काय म्हणालीस?"

"कादंबरी."

"क्या?"

"कादंबरी."

मुनाफचाचांनी कानामागे हात धरला आणि शेंडगे मॅडमकडे बघितलं. "मॅडम, ही बोलतीय का नुसती ओठ हलवतीय?"

"बोलतेय हो चाचा. तुमच्या भट्टीच्या आवाजात ऐकू येत नाही एवढंच."

"भट्टी लाकडाची हाय मॅडम. तिला आवाज नसतो."

मॅडम हसल्या. मी मात्र बेकरीच्या फरशीवर सांडलेल्या मैद्यात पायाच्या अंगठ्याने रेघा ओढत होते. आता मला ओळखणाऱ्या कुणालाही हे खरं वाटणार नाही. आता मी बारावीत आहे, गॅदरिंगला माइक नसला तरी सूत्रसंचालन करते आणि आमचे प्राचार्य म्हणतात, 'कादंबरी, जरा हळू, शेजारी हॉस्पिटल आहे.' पण नववीत माझा आवाज म्हणजे एक गंमतच होती. 'नाव कादंबरी आणि आवाज चारोळीएवढा' हा आमच्या वर्गातला कायमचा विनोद.

तर झालं होतं असं. आमच्या शाळेत नववीला एक व्यवसायाचा विषय घ्यावा लागायचा आणि मी रिटेल घेतला होता. रिटेल म्हणजे दुकानदारी. माल कसा मांडायचा, गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, असलं सगळं. आधी वर्गात शिकायचं आणि मग दिवाळीच्या गर्दीत गावातल्या एखाद्या दुकानात खरोखर उभं राहून काम करायचं. शेंडगे मॅडम हा विषय शिकवायच्या. शाळेच्या कायमच्या बाईंपैकी नव्हेत त्या, कुठल्याशा कंपनीमार्फत आलेल्या. दुकानं शोधायची, मालकांच्या मिनतवाऱ्या करायच्या आणि आमची दांडी पडली तर घरी येऊन आईशी बोलायचं, हे सगळं त्याच करायच्या, स्वतःच्या स्कूटीवर.

आणि मला दुकान चालवायचं होतं! अगदी लहानपणापासून. बाकीच्या मुली बाहुलीचं लग्न लावायच्या, तेव्हा मी बाहुल्यांना डाळ विकायचे. पण साडीच्या दुकानातून मी परत आले, कारण एका बाईंनी तीनदा किंमत विचारली, मी तीनदा सांगितली, आणि त्या 'मुकी पोरगी ठेवलीय वाटतं' म्हणून निघून गेल्या. मोबाईलच्या दुकानाचा मालक मॅडमना म्हणाला, "ताई, मुलगी गुणी आहे, पण सायलेंट मोडवर आहे."

आता राहिली होती ही बेकरी. आईने बजावलं होतं, "तिथूनही परत पाठवलं ना, तर बास झाली ती दुकानदारी. विषय बदलून घ्यायचा आणि गप शिवणकामाला बसायचं."

"हे बघ बेटा," मुनाफचाचा माझ्याकडे वळून म्हणाले, "दिवाळीत आपल्याकडं गावातल्या बाया आपापलं सामान घेऊन येतात. मैदा त्यांचा, साखर त्यांची, तूप त्यांचं. आपण मळून, भाजून द्यायचं आन् भाजणावळ घ्यायची. पण नानकटाई दिसायला सगळ्यांची सारखीच. मग कुणाची कुठली, कसं कळणार?"

मी काहीतरी बोलले.

"खूण," मॅडमनी माझं उत्तर मोठ्याने सांगितलं. "खूण करायची म्हणतेय ती."

"बरोबर. प्रत्येकीची खूण येगळी. आन् ती तू ध्यानात ठेवायची. गेल्या साली एकीचा ट्रे दुसरीला गेला. सख्ख्या जावा होत्या. अजून बोलत न्हाईत एकमेकींशी." चाचांनी बोट वर केलं. "म्हणून आधीच सांगतो. एक जरी ट्रे इकडचा तिकडं झाला, तर त्या दिवशी तुझं काम बंद. मॅडम मधी पडल्या तरी बंद."

"नाही होणार," मॅडम म्हणाल्या. "मी सांगते ना. हिची जबाबदारी माझी."

कुणी माझ्यासाठी असं छाती ठोकून बोलल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

पहिले काही दिवस भारी गेले. खुणा शोधण्यात माझं डोकं सुपरफास्ट चालायचं. कुणाला काट्याच्या रेघा, कुणाला बाटलीच्या झाकणाचा गोल, कुणाला अर्धा काजू, कुणाला मधोमध चारोळी. ट्रे बाहेर आला की नाव पुकारायचं असायचं, पण मी युक्ती काढली होती. बाकड्यापर्यंत चालत जायचं आणि त्या बाईंच्या कानात सांगायचं, "काकू, तुमचं झालं." चाचा मान हलवायचे. "टपाल वाटतीय का काय?" म्हणायचे. पण चूक एकही नव्हती, त्यामुळे चालून जात होतं.

आणि मग वसुबारस आली.

त्या दुपारी बेकरीत पाय ठेवायला जागा नव्हती. बाकडं भरलेलं, पायरी भरलेली, काही जणी रिकाम्या तेलाच्या डब्यांवर बसलेल्या. आपलं तूप डोळ्यांदेखत पिठात पडल्याशिवाय कुणी हलायचं नाही, असा आमच्या गावचा रिवाजच आहे. बँकेतल्या निकम वहिनी बाकड्याच्या टोकाला बसून सगळ्यांच्या डब्यांत डोकावत होत्या.

"आमचं बाई शुद्ध साजूक. कोल्हापूरहून मागवते मी. दिवाळीत डालडा म्हणजे नकोच."

"छे छे, आमच्यातही नसतो."

"आमच्या ह्यांना तर वासानंच कळतं."

बाकड्यावरून अशी सगळ्यांच्याच तुपाची आरती चालली होती. तेवढ्यात शेंडगे मॅडम आल्या. रोज त्या आमचं काम बघायला यायच्या तशा नव्हे, तर हातात पिशवी घेऊन. गिऱ्हाईक म्हणून!

"या या मॅडम," निकम वहिनींनी जागा केली. "तूप घरचं का हो?"

"हो," मॅडम म्हणाल्या. "सासूबाईंनी पाठवलंय. गाईचं."

मला एवढा आनंद झाला होता, की मी कुणालाच हात लावू न देता मॅडमची पिशवी स्वतः आत नेली. मैदा, पिठीसाखर, थोडा रवा, वेलदोड्याची पूड आणि स्टीलचा एक डबा. डब्याचं झाकण मी उघडलं. मॅडम दारात उभ्या होत्या.

"तूच मळ, कादंबरी," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम."

मी झाकण बाजूला ठेवलं आणि मळायला घेतलं.

त्यांच्या पाठोपाठ हौसाक्का घुसल्या. हौसाक्का म्हणजे आमच्या गावच्या दूधवाल्या. सात म्हशी, नऊवारी, आणि तोंड असं की वळूसुद्धा रस्ता सोडेल. "ए पोरी, माजं बी घे. लेकीकडं जायाचंय मला संध्याकाळी. आन् मला ती काजूबिजूची नक्षी नको, सांगून ठिवते."

खुणा संपल्या होत्या. काटा, झाकण, काजू, चारोळी, बेदाणा, सगळं भट्टीत होतं. मॅडमनी वर लावायला काही आणलं नव्हतं आणि हौसाक्कांना नक्षी नको होती. मग मॅडमच्या नानकटाईवर मी अंगठा दाबला आणि हौसाक्कांच्या नानकटाईवर शेजारी शेजारी दोन बोटं. पीठ फुटेल या भीतीने अगदी हळू दाबलं. माझी बोटंही माझ्या आवाजाचीच भावंडं होती तेव्हा.

चाचांनी लांब दांड्याने दोन्ही ट्रे आत सारले.

आणि बाहेर काढले, तेव्हा मी आधी खुणा शोधल्या.

दोन्ही ट्रेमधल्या नानकटाया गुबगुबीत फुगल्या होत्या, वरून मस्त भेगाळल्या होत्या. पण ना माझा अंगठा कुठे होता, ना माझी दोन बोटं. फुगताना सगळं भरून आलं होतं. चाचांनी एकदा ट्रेकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं.

"ह्यातलं माजं कंचं?" हौसाक्का पुढे आल्या.

मी वाकले, नीट बघितलं, आणि मला कळलं. दोन्ही ट्रे कुणाचे ते मला अगदी पक्कं कळलं. मी बोट दाखवून म्हणाले, "हा तुमचा. हा मॅडमचा."

"काय म्हणतीय ही?" बाकड्यावरून कुणीतरी विचारलं.

निकम वहिनी उठूनच आल्या. "कशावरून गं? खूण तर एकावरही दिसत नाही. अंदाजाने देतेस की काय लोकांचा माल?"

कशावरून ते मला सांगता येत नव्हतं.

"बघा, हिला माहीतच नाही! चाचा, पुन्हा गेल्या वर्षीसारखंच झालं का?"

चाचांनी दांडा भिंतीला टेकवला. "बेटा, बोल. कशावरून म्हणतीस?"

सगळी बेकरी माझ्याकडे बघत होती. मॅडमही. एरवी मी बोलू शकले नाही, की त्याच माझ्यासाठी बोलायच्या. त्या दिवशी त्या ट्रेकडे बघत उभ्या होत्या.

"अहो, सोप्पं आहे," निकम वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी बांगड्या मागे सारल्या. "हौसाक्कांचं म्हशीचं, मॅडमचं गाईचं. दोन्हीतली एकेक चाखायची. तुपाची चव लपते होय? मी आत्ता सांगते." आणि त्यांचा हात मॅडमच्या ट्रेकडे गेला.

"हात लावायचा नाही!"

खरं सांगते, हे कोण ओरडलं ते बघायला मी मागे वळले होते. मागे पावाचे ट्रे होते. म्हणजे मीच ओरडले होते. पायरीवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या, एक लहान मूल रडायला लागलं, आणि निकम वहिनींचा हात हवेतच राहिला.

आता ओरडलेच आहे, तर पुढेही बोलावं लागणार होतं. "भट्टीतून आलेला माल गार झाल्याशिवाय कुणीही हात लावायचा नाही. फुटतो. बेकरीचा नियम आहे!"

असा नियम मी त्याच क्षणी केला होता. सगळ्यांनी मुनाफचाचांकडे बघितलं. चाचांनी हनुवटी खाजवली. "हाय," ते म्हणाले. "तसा नियम हाय आपला."

मी दोन्ही ट्रे उचलले आणि मागच्या खोलीत नेऊन मांडणीवर ठेवले. वळले तर दारात हौसाक्का.

"काय गं, मला येडी समजलीस व्हय?" त्यांनी दार लोटून घेतलं. "तू म्हणलीस ते बराबर हाय. हा ट्रे माजा. माज्या म्हशीच्या तुपाचा वास मला झोपेत बी कळंल, मगाशी गर्दीत समदे वास मिसळले व्हते म्हणून इचारलं. आन् तो दुसरा मॅडमचा. मग त्या बँकवालीला चाखू का दिलं न्हाईस? तुजं खरं ठरलं असतं की!"

मी पुन्हा चारोळीच्या आवाजात गेले. "मॅडमच्या डब्यात डालडा होता. त्या वासावरूनच ट्रे ओळखला मी."

हौसाक्कांनी मॅडमच्या ट्रेवर वाकून वास घेतला.

"सगळ्यांसमोर त्या गाईचं तूप म्हणाल्यात. वहिनींनी चाखलं असतं तर..." मी दाराकडे बघितलं. "त्यांना जूनपासून पगार नाही, हौसाक्का. कंपनी म्हणते सरकारकडून आला नाही. तरी रोज येतात. स्वतःच्या पेट्रोलने आमच्यासाठी दुकानं शोधत फिरतात."

"जूनपासनं?"

"हो."

"आन् ही बाई तुमाला नोकरी कशी करायची ते शिकवती?"

"हो."

हौसाक्कांनी पदराने तोंड पुसलं. मग त्यांनी मॅडमचा ट्रे उचलला आणि दार ढकलून थेट बाहेर गेल्या. मी दुसरा ट्रे घेऊन मागे पळाले.

"मुनाफ! ह्यो माजा ट्रे. ह्यात डालडा हाय, वळखला मी. मॅडमचा ह्या पोरीकडं हाय, त्यांना दिऊन टाका."

"अहो पण हौसाक्का," निकम वहिनींचे डोळे मोठे झाले, "तुमच्याकडे सात म्हशी, आणि डालडा?"

"मग? म्हशी दूध देत्यात, ते डेरीला जातंय. तूप चाटत बसले तर म्हशींला पेंड कोन घालंल, तुमची बँक? आमच्यात डालडाच असतोय. सांगत फिरू का गावभर?"

कुणाची काय बिशाद पुढे बोलायची! मी तो तुपाचा ट्रे मॅडमसमोर धरला. "मॅडम, तुमचा," मी म्हणाले. मोठ्याने. जरा जास्तच मोठ्याने.

मॅडम बघतच राहिल्या. आधी ट्रेकडे, मग माझ्याकडे, मग हौसाक्कांकडे. त्यांचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, घ्या ना मॅडम, पटकन घ्या, डब्यात भरते, संपलं.

"कादंबरी, खाली ठेव तो," त्या म्हणाल्या. "हा हौसाक्कांचा आहे."

"मॅडम..."

"मीच शिकवलंय ना तुला, गिऱ्हाइकाला खोटं सांगून माल द्यायचा नाही?" त्या सगळ्यांकडे वळल्या. "वहिनी, डालडा माझ्या डब्यात होता. गाईचं तूप मी उगाच म्हणाले. जूनपासून पगार झालेला नाही. पण घरात दोन मुलं आहेत आणि दिवाळी त्यांना कळते, पगार कळत नाही. हौसाक्का, तुम्ही माझ्यासाठी... नका हो असं करू."

भट्टीतलं एक लाकूड फुटलं. मला निकम वहिनींचा असा राग आला होता, की त्या आता काही बोलल्या, तर मी पुन्हा ओरडणार होते. तशी तयारीच केली होती.

निकम वहिनी बाकड्यावर बसल्या. त्यांनी आपली पिशवी मांडीवर घेतली. "माझ्यात पण निम्मा डालडाच आहे," त्या म्हणाल्या. "कोल्हापूर-बिल्हापूर काही नाही. चौकातूनच आणला."

"अगं बया!" हौसाक्का म्हणाल्या.

"आमच्यात पाऊण," तेलाच्या डब्यावरून आवाज आला.

"आमच्यात तूप वरून लावायपुरतं असतं. वासाला!"

"आणि तुमच्या ह्यांना वासानं कळतं ते?"

"वास माझ्या हाताला असतो ना, त्यांना काय कळतंय!"

मग जो हशा उठला, तो काही विचारू नका. ज्या बायका दुपारभर एकमेकींच्या डब्यात चोरून बघत होत्या, त्या आता डबे उघडून दाखवायला लागल्या. निकम वहिनी तर हसता हसता डोळे पुसत होत्या. मुनाफचाचा भट्टीला टेकून उभे होते.

"चाचा, तुम्हाला माहीत होतं का हो?" मॅडमनी विचारलं.

"भट्टीचं तोंड मीच उघडतो मॅडम. समद्यांचा वास पहिल्यांदा मलाच येतो." ते हसले. "पण गिऱ्हाईक म्हणालं साजूक, की साजूक."

आता प्रश्न उरला दोन ट्रेंचा. हौसाक्का म्हणाल्या, "मॅडम, मी दिलं ते दिलं. मागं घेत न्हाई. पोरांला खाऊ घाला." मॅडम म्हणाल्या, "मला फुकटचं नको." हौसाक्का म्हणाल्या, "फुकटचं कसं, तुमचा ट्रे मी नेतीय की!" मॅडम म्हणाल्या, "त्याची बरोबरी होते का?" दोघी दोन बाजूंनी ट्रे ढकलायला लागल्या आणि एक नानकटाई खाली पडून फुटली.

"थांबा!" मी ओरडले. पुन्हा एकदा. सवय लागली होती बहुतेक. "निम्मी निम्मी! दोन्ही ट्रेमधली निम्मी यांना, निम्मी त्यांना. मी भरते. आणि आता कुणी कुणाला ढकलायचं नाही. मागे गर्दी आहे."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"चालंल," हौसाक्का म्हणाल्या.

मॅडमनी नुसती मान हलवली.

मी दोन डबे घेतले आणि मोजून भरायला लागले. भरताना माझ्या लक्षात आलं, की मुनाफचाचा शेजारी येऊन उभे आहेत आणि माझ्या हातांकडे बघताहेत. आणि तेव्हा मला पहिल्या दिवशीचं त्यांचं बोट आठवलं. एक जरी ट्रे इकडचा तिकडं झाला, तर काम बंद. इथे तर मी दोन्ही ट्रे त्यांच्या डोळ्यांदेखत, स्वतःच्या हाताने इकडचे तिकडे करत होते. खूण बसली नव्हती ती माझ्यामुळे. नियम खोटा केला होता तोही मी.

मी डबे बंद केले. ॲप्रन सोडायला मागे हात नेला.

"चाचा," मी म्हणाले, "दोन्ही ट्रे इकडचे तिकडे झाले."

"झाले की."

मॅडम पुढे यायला लागल्या. चाचांनी हातानेच त्यांना थांबवलं.

"गेल्या साली एकच झाला होता," ते म्हणाले. "तर दोन जावा भांडल्या. या साली दोन झाले, आन् ह्या दोघी बघ." त्यांनी दाराकडे हनुवटी केली. हौसाक्का आपला डबा काखेला मारून उभ्या होत्या आणि मॅडमना सांगत होत्या, की उद्यापासून सकाळी तांब्या घेऊन या, दूध घ्या, पैसे पगार झाल्यावर द्या, आणि न्हाई म्हणलात तर शाळेत येऊन घालीन.

"मग... मी उद्या येऊ?"

"क्या?"

"उद्या येऊ का?"

"ऐकू येत न्हाई बेटा. भट्टीचा आवाज हाय."

मी ॲप्रनची गाठ पुन्हा बांधली. चांगली घट्ट. भट्टीतून पुढचा ट्रे आला होता, बेदाण्याच्या खुणेचा, माळी गल्लीतल्या आज्जींचा. आज्जी पार पायरीच्या खाली, रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या. त्यांच्यापर्यंत चालत जायचं म्हणजे अख्खी गर्दी ओलांडायला लागली असती.

मी गेले नाही. काउंटरमागेच उभी राहिले, पोटभर श्वास घेतला आणि हाक मारली. समोरच्या चपलांच्या दुकानातली चार माणसंसुद्धा उठून बाहेर आली.